शैक्षणिक खेळांची घडण आणि पारख

मुंबईकडून पनवेल तालुक्यात प्रवेश करणाऱ्यास प्रथम दृष्टीस पडते ते खारघर, कामोठे, कळंबोली यांचे सिडकोने आखलेले आणि उंच इमारतींनी भरलेले नवे जग. परंतु तोच मनुष्य शहर मागे टाकून माथेरानच्या डोंगराच्या रोखाने मालडुंगे, धोदाणी या बाजूस निघाला, तर अल्पावधीतच तो ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्यांपाशी येऊन पोहोचतो. या दोन्ही टोकांच्या मराठी शाळांत बालभारतीचे एकच पुस्तक चालते, आणि एरवी फळा, खडू व शिक्षक यांच्या आधाराने ते कसेबसे एकाच रीतीने शिकविलेही जाते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळांची दारे बंद झाली, राज्याच्या शिक्षण खात्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम जाहीर केली, आणि त्यानंतर ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यास धडक देऊन कित्येक गावांची वीज दीर्घकाळ खंडित केली, तेव्हा मात्र पुस्तक एक राहूनही शाळा दोन झाल्या : एक पडद्यावर भरणारी, आणि दुसरी मुळीच न भरणारी.

प्राथमिक वर्गांतील मुले त्या काळात जवळजवळ दोन वर्षे वर्गाबाहेर राहिली. पडद्यावरील शाळेचे स्वरूपही फारसे समाधानकारक नव्हते. शिक्षकांनी मनापासून कष्ट घेतले, तरी वर्गातील व्याख्यान भ्रमणध्वनीच्या वीतभर काचेत बसविल्याने ते शिक्षण होत नाही, आणि सात-आठ वर्षांचे मूल पलीकडच्या आवाजाकडे किती वेळ लक्ष देऊ शकेल याला निसर्गतःच मर्यादा आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. तेव्हापासून ‘खेळातून शिक्षण’ या कल्पनेस नवा बहर आला. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळाधारित अध्ययनाचा पुरस्कार केला, फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी केंद्र शासनाने प्रसिद्ध केली, आणि गणित शिकविण्याचे, शब्द शिकविण्याचे, अवकाशविज्ञान शिकविण्याचे आश्वासन देणाऱ्या खेळांची गर्दी पालकांच्या भ्रमणध्वनींत जमा झाली. या गर्दीत निवड कशी करावी, असा एखादा खेळ आपण घडवावयाचा झाल्यास त्याची घडण कोणत्या तत्त्वावर व्हावी, आणि तो खरोखर शिकवितो की नुसता रमवितो याची परीक्षा कशी घ्यावी, या प्रश्नांचा येथे साकल्याने विचार करण्याचा हेतू आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : खेळाच्या ऐन क्षणी खेळणाऱ्यास जो निर्णय घ्यावा लागतो, तो निर्णय आणि शिकावयाची गोष्ट ही दोन्ही एकच असली पाहिजेत, आणि ती एक आहेत किंवा नाहीत, हे ठरविण्याचा अधिकार कर्त्याच्या कल्पनेस नसून परीक्षेस आहे.

खेळास शिक्षणात स्थान देण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या प्रेरणेने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली; पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले, आणि १९५७ मध्ये ते कार्य अनुताई वाघ यांच्या साहाय्याने कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीबाईंची परदेशी बनावटीची महाग साधने वारली मुलांच्या अंगणात चालणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंखशिंपले, बिया, गारगोट्या, पाने यांची साधने केली, शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच पाड्यावर नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी शाळा काढली. या कार्याचे स्मरण पुष्कळदा भक्तिभावाने केले जाते; परंतु त्यातील पद्धतीचा भाग, म्हणजे प्रथम मुलांचे निरीक्षण करावयाचे, मग साधन करावयाचे, ते मुलांच्या हाती देऊन पुन्हा निरीक्षण करावयाचे आणि साधनात फेरफार करावयाचा, हा भाग आजच्या खेळकर्त्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. आज ज्यास घडणकालीन चाचणी म्हणतात, ती कोसबाडच्या टेकडीवर नाव न घेता चालत होती.

याहून जुने उदाहरण सापशिडीचे. मराठी परंपरा तिच्या जुन्या रूपाचे, म्हणजे मोक्षपटाचे, कर्तृत्व ज्ञानदेवांकडे नेते. ते ऐतिहासिकदृष्ट्या कसेही असो, पटावरील घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे देऊन शिडीने चढणे आणि सर्पाच्या मुखातून घसरणे यांतून नीतीचा उपदेश करावा, ही योजना निःसंशय कल्पक आहे. तथापि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या पटात एक मोठी उणीव आहे. खेळणारा कोणताही निर्णय घेत नाही. कवडी किंवा फासा पडेल तसे त्याचे प्यादे सरकते. दया किंवा लोभ या घरांवर तो आपल्या बुद्धीने येत नाही, दानाने येतो. उपदेश पटावर लिहिलेला राहतो आणि खेळ त्याच्या शेजारून निघून जातो. आजच्या पडद्यावरील बहुसंख्य शैक्षणिक खेळांचा दोष नेमका हाच असल्यामुळे या जुन्या पटापाशी थोडे थांबणे अवश्य आहे.

गंमत अशी की याच सापशिडीच्या जातीच्या पटाने आधुनिक संशोधकांस या विषयातील सर्वांत स्वच्छ पुरावा मिळवून दिला. अमेरिकेतील रॉबर्ट सीगलर व गीता रमाणी यांनी २००८ च्या सुमारास गरीब वस्तीतील बालवाडीच्या मुलांस एक ते दहा अंकांची सरळ रेषेत मांडलेली घरे असलेला साधा पट खेळावयास दिला, आणि दुसऱ्या गटास तसाच, पण अंकांऐवजी रंगांचा पट दिला. अवघ्या चार बैठकींत अंकपट खेळलेल्या मुलांची संख्यांच्या लहानमोठेपणाची समज वाढली, रंगपट खेळलेल्यांची वाढली नाही. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शून्य ते शंभरचा पट घेऊन आणखी सूक्ष्म प्रयोग केला. पट तोच, मुले त्याच वयाची. फरक एवढाच की एका गटाने ४७ वरून तीन घरे पुढे जाताना ‘४८, ४९, ५०’ असे घरावरील अंक म्हणावयाचे, आणि दुसऱ्याने ‘१, २, ३’ असे म्हणावयाचे. पहिला गट शिकला. दुसऱ्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. आपल्या घराघरांतून मुले सापशिडी खेळतात ती बहुधा दुसऱ्या रीतीने, हे येथे नमूद केले पाहिजे. खेळाचे चित्र, रंग, नाट्य यांपैकी काहीही न बदलता केवळ एका नियमाने खेळ शिक्षक होतो किंवा होत नाही. आणि हा नियम कोणता, हे मुलांवर प्रयोग केल्यावाचून कोणत्याही विद्वानास टेबलापाशी बसून सांगता आले नसते.

विद्युत्-यंत्रावरील शैक्षणिक खेळांचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातील मेबल ॲडिस या शिक्षिकेने आयबीएमच्या साहाय्याने प्राचीन सुमेरमधील एका नगराच्या कारभाराचा खेळ रचला, ज्यात विद्यार्थी राजा होऊन धान्याचा किती भाग पेरावा, किती कोठारात ठेवावा आणि किती प्रजेस वाटावा हे ठरवीत असे. डिसेंबर १९७१ मध्ये मिनियापोलिस येथील डॉन रॉविच या उमेदवार शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने ‘ओरेगॉन ट्रेल’ हा पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा खेळ आपल्या इतिहासाच्या वर्गात आणला. वर्गात केवळ एक टंकयंत्र होते आणि ते दूरध्वनीच्या तारेने दूरच्या संगणकास जोडलेले होते, म्हणजे ऑनलाइन शिक्षणातील खेळाचा जन्म आपल्या भ्रमणध्वनीच्या पुष्कळ आधी झाला. पुढे रॉविच यांनी प्रवाशांच्या रोजनिशा अभ्यासून आजार, पूर, अपघात यांचे खेळातील प्रमाण प्रत्यक्ष इतिहासाशी जुळते केले. सुमेरच्या खेळात धान्यवाटपाचा निर्णय हाच इतिहासाचा पाठ होता. ओरेगॉनच्या वाटेवर शिधा किती घ्यावा हा निर्णयही तसाच. परंतु शिकार करताना मात्र जो मुलगा विवक्षित शब्द अधिक वेगाने टंकित करी त्यास अधिक मांस मिळे, आणि तेवढ्यापुरता तो खेळ टंकलेखनाचा झाला. एकाच खेळात दोन जातीचे क्षण कसे नांदतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परीक्षेची शास्त्रशुद्ध रीत घालून दिली ती थॉमस मेलोन यांनी. १९८० च्या सुमारास त्यांनी अपूर्णांक शिकविणारा एक खेळ घेतला, ज्यात संख्यारेषेवरील फुग्याचे स्थान अपूर्णांकाने सांगितले की बाण सुटून फुगा फुटे. आणि त्याच्या अनेक आवृत्त्या केल्या, एकीतून संगीत काढले, दुसरीतून गुण काढले, तिसरीतून बाणफुग्यांचे कल्पनाचित्र काढले. मग कोणती आवृत्ती मुले अधिक वेळ खेळतात हे मोजले. मुलग्यांस बाणाने फुगा फोडणे प्रिय होते, मुलींस ते तितकेसे रुचत नव्हते. एकेक अंग वेगळे करून तपासल्यावाचून हा भेद कधीच उघडकीस आला नसता, आणि कर्त्याने ‘मुलांना खेळ आवडला’ एवढीच नोंद दप्तरात ठेवून समाधान मानले असते.

मेलोन यांनी रुची मोजली. शिकणे मोजण्याचे काम इंग्लंडमधील जेकब हॅबगुड आणि शारोन एन्सवर्थ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक काटेकोरपणे केले. त्यांच्या खेळात अंगावर संख्या मिरविणारे सांगाडे चालून येतात, आणि त्या संख्येस निःशेष भागणाऱ्या संख्येचे शस्त्र निवडले तरच सांगाडा मोडतो. दुसऱ्या आवृत्तीत सांगाड्यांवर संख्या नाहीत. लढाई निराळी, आणि एक टप्पा संपल्यावर भागाकाराची प्रश्नपत्रिका निराळी. सात ते अकरा वर्षांच्या मुलांत पहिल्या आवृत्तीचा गट अधिक शिकला, आणि मुभा दिली असता मुलांनी तिच्यापाशी दुसरीच्या सातपट वेळ घालविला. भागाकार हेच शस्त्र झाल्यावर शिकणे आणि खेळणे यांत भिंत उरत नाही. भागाकार ही लढाईसाठी द्यावयाची जकात झाली की मूल ती चुकविण्याच्या वाटा शोधू लागते. पिट्सबर्ग येथील रायन बेकर यांच्या अभ्यासात असेच दिसले की संगणकाच्या सूचनांचा गैरफायदा घेऊन, अंदाजाने कळा दाबून उत्तर गाठणारे विद्यार्थी इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी शिकतात. पुष्कळ बाजारी खेळांत अशी वाट कर्त्यांनीच नकळत मोकळी ठेवलेली असते.

आनंद आणि अध्ययन ही एकमेकांची हमी नव्हेत, याचा सर्वांत सावध करणारा पुरावा ‘ड्रॅगनबॉक्स’ या नॉर्वेतील बीजगणिताच्या खेळाचा. २०१२ मध्ये निघालेल्या या खेळाची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि ती अगदीच अकारण नव्हती; रचना विलक्षण सुंदर आहे. परंतु यानजिन लाँग व व्हिन्सेंट अलेव्हन यांनी त्याची तुलना एका साध्या, खेळ नसलेल्या संगणकीय शिकवणीशी केली, तेव्हा खेळणाऱ्या मुलांनी कितीतरी अधिक समीकरणे सोडविली, त्यांना अधिक मजाही आली, आणि तरीही कागदावरील समीकरणांच्या परीक्षेत शिकवणीचा गट पुढे राहिला. खेळातील चित्रे हलविण्याचे कौशल्य कागदावरील अक्षरचिन्हांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. म्हणून खेळाची परीक्षा खेळाच्या आत घेऊन भागत नाही; ती खेळाबाहेर, वहीवर, आणि काही काळ लोटल्यानंतर घ्यावी लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. या विषयातील एक आधारभूत प्रयोग आपल्या शेजारी वडोदऱ्यास झाला. गुजरात शासनाने २००० साली तेथील नगरपालिकेच्या शंभर शाळांस प्रत्येकी चार संगणक दिले होते, आणि ते बहुतांश वापराविना पडून होते. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांच्या सहकार्याने तेथील चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे या रीतीने, गणिताचे खेळ खेळविले. ज्या शाळांत हे खेळ होते आणि ज्यांत नव्हते त्यांची निवड यदृच्छेने केलेली असल्यामुळे तुलना विश्वसनीय होती, आणि दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत प्रमाण विचलनाच्या ०.४७ पट वाढ दिसली. शिक्षणक्षेत्रात ही वाढ मोठीच मानावी लागते. तथापि उपक्रम बंद झाल्यानंतर एका वर्षाने तीपैकी थोडीच शिल्लक राहिली होती, आणि हा उत्तरार्ध सांगावयास उत्साही लोक बहुधा विसरतात. गुजरातेतच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांमध्ये ली लिंडेन यांनी केलेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष आणखी बोधप्रद आहे : संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तेथे मुले मागे पडली, आणि शाळेबाहेर जादा म्हणून ठेवला तेथे, विशेषेकरून अभ्यासात मागे असलेली मुले, पुढे गेली. ऑनलाइन खेळ शिक्षकाची जागा घेईल अशी भाषा ज्या ज्या वेळी कानी येते, त्या त्या वेळी या निष्कर्षाची आठवण करून देणे मी कर्तव्य समजतो.

दिल्लीत बालवाडीच्या सुमारे दीड हजार मुलांवर झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही येथे नोंदला पाहिजे. मॉइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, डफ्लो आदींनी ‘प्रथम’च्याच साहाय्याने चार महिने साध्या साहित्याचे गणिती खेळ खेळविले, ठिपक्यांच्या समूहांतील लहानमोठेपणा ओळखण्याची, आकृत्यांतील भेद टिपण्याची मुलांची शक्ती वाढली आणि वर्षाहून अधिक काळ टिकली, परंतु पहिलीच्या वर्गातील औपचारिक गणितात त्यांना त्याचा लाभ झाला नाही. कर्त्यांनी हे अपयश लपविले नाही, उलट लेखाच्या शीर्षकातच सांगितले. अशी प्रामाणिक नोंद आपल्याकडील उपक्रमांच्या अहवालांत सहसा आढळत नाही, याची मला खंत वाटते.

आमच्या रायगड जिल्ह्यानेही या इतिहासात एक पान लिहिले आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक चळवळीस केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नकार दिल्यावर, २००७ मध्ये तिचा भारतातील पहिला प्रयोग जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावाच्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या छोट्या यंत्रांवर मुलांनी चित्रे काढली, खेळ खेळले, आवाज ध्वनिमुद्रित केले. देशोदेशीच्या वार्ताहरांनी गावास भेट दिली. मुलांच्या मुद्रेवरील आनंद खरा होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु याच यंत्रांचे मोठ्या प्रमाणावर मूल्यमापन झाले ते पेरू देशात, ३१९ शाळांत, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात गणित व भाषा या विषयांत प्रगतीचा पुरावा आढळला नाही. यंत्र देणे आणि त्या यंत्रावर शिक्षकाच्या पाठ्यक्रमाशी सांधलेला, तपासून घेतलेला खेळ देणे, यांतील अंतर पेरूच्या खर्चाने जगास कळले.

पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीत बसले की वाटेत मानखुर्द लागते. तेथे १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि त्याच्या जवळच देवनार येथे टाटा समाजविज्ञान संस्था. या संस्थांनी अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने आणि टाटा न्यासांच्या आश्रयाने २०१५ पासून ‘क्लिक्स’ नावाचा उपक्रम चालविला. त्यातील भूमितीच्या पाठात ‘पोलिस क्वाड’ नावाचा खेळ आहे : चौकोन हे संशयित, आणि बाजू, कोन, कर्ण यांविषयीच्या खुणांवरून गुन्हेगार चौकोन ओळखावयाचा. समांतरभुज आणि समभुज यांतील संबंध पाठ करणारा विद्यार्थी आणि तोच संबंध वापरून संशयित वगळणारा विद्यार्थी यांत केवढा फरक आहे, हे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकास सांगावयास नको. माझ्या कसोटीस उतरणारे आपल्या भूमीवरील हे उत्तम उदाहरण होय. उपक्रम राबविला गेला तो छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान व तेलंगण या राज्यांत. मुंबईत घडलेले हे साहित्य मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे ते मराठीत आणण्यास कायद्याची अडचण नाही, अडचण आहे ती इच्छेची आणि थोड्या द्रव्याची.

मराठीत आणणे म्हणजे मात्र केवळ शब्द बदलणे नव्हे, आणि येथे घडणीचा एक असा भाग येतो जो परदेशी ग्रंथांत सापडत नाही. खेळ बनविण्याच्या कित्येक प्रचलित यंत्रणांत देवनागरी लिपीची मांडणी वर्षानुवर्षे बिघडलेली राहिली : ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी न येता मागे पडे, जोडाक्षरे फुटून हलन्त चिन्हे दिसत, रफार भलत्या अक्षरावर चढे. ‘गोडो’ या मुक्त यंत्रणेत हा दोष मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून दूर झाला. मराठी वळणाचे ल आणि श, ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र, ही रूपे योग्य टंक निवडला तरच दिसतात. वाचावयास नुकत्याच शिकलेल्या मुलापुढे मोडके अक्षर ठेवणे ही क्षुल्लक तांत्रिक बाब नाही, कारण मूल दोष स्वतःकडे घेते.

संख्यांची बाब त्याहून गहन आहे. मराठीतील एकवीस ते नव्याण्णव या नावांत एकक आधी आणि दशक मागाहून येते, दोन्हींचे रूप बदलते, आणि एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी नावे पुढील दशकातून एक वजा करून सांगितली जातात. लिहिताना मात्र दशक डावीकडे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे वाचकांच्या स्मरणात असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी बालकांची अडचण शांतपणे मांडली होती, आणि वादाच्या धुरळ्यात ती अडचण कोणी मोजून पाहिली नाही. लास्की-सीगलर यांच्या पटावर ‘अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर’ म्हणणाऱ्या मराठी मुलाच्या मनात आणि ‘साठ आठ, साठ नऊ, सत्तर’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात संख्येची रेषा सारखीच उमटते काय? हा प्रश्न वर्तमानपत्रांतील पत्रव्यवहाराने सुटणारा नाही. दोन आवृत्त्यांचा एक साधा खेळ त्याचे उत्तर काही महिन्यांत देऊ शकेल. इंग्रजी खेळाचे भाषांतर करणाऱ्यास हा प्रश्न सुचणेही संभवनीय नाही.

खेळाचा साचा कोठून घ्यावा याविषयी मॅथ्यू काम यांचे उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेले काम मननीय आहे. पाश्चात्त्य धर्तीचे भ्रमणध्वनीवरील खेळ तेथील मुलांस उमगेनात, तेव्हा त्यांनी गावातील पारंपरिक खेळांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांच्या नियमांवर नवे खेळ बेतले. तो निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडे लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू, सागरगोटे यांचे भांडार आहे. सागरगोट्यांत प्रथम एकेक, मग दोनदोन, मग तीन आणि एक असे गोटे उचलावयाचे असतात. संख्येचे विभाजन हीच तेथील चाल, आणि हात चुकला तर डाव जातो. याहून योग्य पाया शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. बोलीचाही विचार व्हावा : पनवेलच्या खाडीकाठच्या गावांत आगरी, डोंगरालगत कातकरी बोलणारे मूल पुस्तकी सूचनेपाशी अडखळले, तर त्याच्या हातून झालेली चूक गणिताची की भाषेची हे खेळाच्या नोंदीवरून कळणार नाही, शेजारी बसून पाहणाऱ्या माणसासच कळेल.

म्हणून पारखीची पहिली पायरी ही शेजारी बसण्याची. पाच-सहा मुलांस कच्चा खेळ द्यावा, मदत करू नये, मूल काय बोलते, कोठे थांबते, कोणत्या वाटेने पळ काढते याची टिपणे ठेवावीत, आणि हे काम पुठ्ठ्याच्या नमुन्यावर, संगणकाची एक ओळही लिहिण्यापूर्वी व्हावे. कारण पुठ्ठा फाडून टाकताना कर्त्यास दुःख होत नाही, सहा महिन्यांच्या श्रमाचा खेळ टाकताना होते आणि मग तो दोषांसह टिकतो. दुसरी पायरी घरच्या परिस्थितीची. ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या पाहणीप्रमाणे शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे देशाच्या ग्रामीण भागातील प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ झाले, परंतु अशा घरांतीलही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो फोन येतच नव्हता. तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाबरोबर फोन जातो आणि रात्री परततो. खेळ जाळ्यावाचून चालला पाहिजे, जुन्या यंत्रावर चालला पाहिजे, दहा मिनिटांत एक डाव पुरा झाला पाहिजे, आणि एका फोनवर दोन भावंडांच्या नोंदी वेगळ्या राहिल्या पाहिजेत. या अटी केवळ खारघरच्या मुलांवर चाचणी घेणाऱ्याच्या ध्यानात येणार नाहीत.

बक्षिसांविषयी एक इशारा येथेच देतो. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की चित्रे काढण्याची स्वतःहून आवड असलेल्या बालकांस बक्षिसाचे आमिष दाखवून चित्रे काढावयास लावले, तर पुढे बक्षीस नसताना ती चित्रांपाशी निम्माच वेळ घालवितात. नाणी, तारे, पदके यांचा वर्षाव करणाऱ्या खेळांची परीक्षा म्हणूनच पदके बंद केल्यानंतर घेतली पाहिजे. तसेच मुलांच्या प्रत्येक कळ दाबण्याची नोंद ठेवणाऱ्या खेळांनी २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची दखल घेणे भाग आहे : अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पडताळणीयोग्य पालकसंमतीवाचून घेऊ नये, आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांस अध्यापनापुरती काही सवलत दिली आहे, तरी माहिती आवश्यक तेवढीच घ्यावी आणि काम सरताच पुसावी.

परदेशांतील अनेक प्रयोगांचे एकत्रित परिशीलन करणारे दोन मोठे आढावे, पीटर वाउटर्स व सहकाऱ्यांचा २०१३ चा आणि डग्लस क्लार्क व सहकाऱ्यांचा २०१६ चा, खेळांचा लाभ प्रमाण विचलनाच्या सुमारे तीन दशांश इतका दाखवितात. खेळांमुळे शिकण्याची प्रेरणा वाढते हे मात्र पहिल्या आढाव्यात सिद्ध झाले नाही, ही गोष्ट प्रचलित समजुतीच्या अगदी उलट आहे. लाभ आहे, तो मध्यम आहे, आणि खेळाच्या रचनेगणिक तो पुष्कळ बदलतो. मराठीत अशा रीतीने तपासलेले खेळ फारच थोडे, आणि तेथेच आपल्या कामास वाव आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. पनवेल परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस दरवर्षी प्रकल्प करावा लागतो. महानगरपालिकेच्या आणि रायगड जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. मार्गदर्शन मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राकडे मागता येईल. दुसरीच्या वर्गासाठी एक ते शंभरचा, घरावरील अंक मोठ्याने म्हणावयाचा मराठी अंकपट हा पहिला खेळ घ्यावा. शाळांची निवड चिठ्ठ्या टाकून तीन गटांत करावी : एका गटास फोनवरील खेळ, दुसऱ्यास त्याच नियमाचा पुठ्ठ्याचा पट, तिसऱ्यास नेहमीचे अध्यापन, आणि प्रयोग सरल्यावर तिसऱ्या गटासही दोन्हींपैकी जो चांगला ठरेल तो द्यावा. परीक्षा वहीवर घ्यावी, एकदा मार्चमध्ये आणि पुन्हा सुटीनंतर जूनमध्ये शाळा उघडताच, म्हणजे टिकलेले किती हे कळेल. निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीत छापून सर्व शाळांकडे पाठवावा. पुठ्ठ्याचा पट फोनच्या बरोबरीने उतरला, तर धोदाणीच्या शाळेस वीज आणि जाळे यांची वाट पाहावी लागणार नाही, आणि पट छापून घेण्याचा खर्च जिल्हा परिषदेच्या शालेय साहित्याच्या नेहमीच्या तरतुदीत बसण्यासारखा आहे.